आप्पांची मरणोत्तर बढती

आमच्या भागात सैन्यात बढती मिळवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे निवृत्त होऊन गावी परत येणं. तिकडं म्हणे परीक्षा असतात, शिफारशी लागतात, वरिष्ठांची मर्जी सांभाळावी लागते. इकडं एसटीच्या टपावरून काळी ट्रंक खाली उतरली की पारावर बसलेला पहिला माणूस "या मेजर!" म्हणतो आणि काम होऊन जातं. माणूस तिकडं शिपाई असो, ड्रायव्हर असो की खेचरांना दाणावैरण घालणारा असो, गावात तो मेजरच. आमच्या मोडनिंबला बाजाराच्या दिवशी "ओ मेजर" अशी मोठ्यानं हाक मारून बघावी. निम्मा बाजार मागं वळेल, आणि उरलेला निम्मा आपापल्या मेव्हण्याला बोलावून आणील.

माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. माणूस सरळ. सुरुवातीला ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "मेजर न्हाय हो, हवालदार." समोरचा म्हणायचा, "तेच की." हे 'तेच की' आमच्याकडचं ब्रह्मास्त्र आहे. ते सुटलं की पुढं वाद उरत नाही. कंपाउंडर आणि डॉक्टर, तेच की. तलाठी आणि तहसीलदार, तेच की. आप्पा बरेच महिने लढले आणि मग त्यांनी हत्यार खाली ठेवलं. सबंध आयुष्यात त्यांनी पत्करलेली ही एकमेव शरणागती असावी.

बरं, हवालदार तरी कसले? तर स्वयंपाकी. लष्करात स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. सगळी नोकरी आप्पांनी लंगरात काढली. पलटण डोंगरात गेली की आप्पांची पातेली डोंगरात, वाळवंटात गेली की वाळवंटात. ते भरती झाले आणि पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा लोकांनी विचारलं, "तितं काय करता?" आप्पा म्हणाले, "डाळ शिजवतो." लोक एकमेकांकडं बघून हसले. "सांगायची परवानगी नसती," एक जाणता म्हणाला, "कळतंय की आमाला." तेव्हापासून आप्पा जितकं खरं सांगत गेले तितका गावाचा संशय पक्का होत गेला, की माणूस फार मोठ्या गुप्त कामावर आहे. माझे वडील, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, ते तर आप्पांचा विषय निघाला की छाती काढून एवढंच म्हणायचे, "बंदोबस्तावर असतो." कशाचा बंदोबस्त, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर जेवणाचा, असं त्यांना सांगावं लागलं असतं आणि ते त्यांच्या छातीला झेपलं नसतं.

आप्पांकडं लढाईची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. कुठल्याशा उंच ठाण्यावर असताना एकदा पलीकडून तोफगोळे पडायला लागले. सगळे खंदकात गेले, आप्पा गेले नाहीत. कारण डाळ चुलीवर होती. "तितं डाळ शिजायला घटकान् घटका लागतात," ते सांगायचे. "शिजता शिजंना, आन् एकदा शिजाय लागली की लगीच बुडाला लागती. ती करपली असती तर सुभेदारसाबनं मला गोळ्यापेक्षा वंगाळ हाणला असता." मग ते हसायचे. ऐकणाऱ्यांना डाळीत काडीचा रस नसायचा. "ते असूं द्या. पर तुमी किती जनांवर गोळी झाडली?" आप्पा म्हणायचे, "एकावर बी न्हाय." पुन्हा लोक एकमेकांकडं बघायचे. परवानगी नसती, कळतंय की.

निवृत्त होऊन आले तेव्हा काकी पाटीत शेण घेऊन अंगणात उभी होती. आप्पा नोकरीला गेल्यापासून तिनं आमच्या खटल्याच्या घरात चुलीपुढं उमर काढली होती. सासू-सासरे, दीर-जावा, आम्ही पोरं, शेतावरचे गडी, येणारे-जाणारे. धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे आणि लोक म्हणायचे, नवरा लांब आहे ना, रडत असेल बिचारी. वाटण्या होऊन आप्पांच्या वाट्याला दोन खोल्या आल्या होत्या. त्या दोन खोल्यांत आप्पांनी ट्रंक ठेवली, हातपाय धुतले आणि काकीला सांगितलं, "आजपासनं तू बी रिटायर." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी स्वतः भाकरी थापली. आणि मरेपर्यंत थापत राहिले.

हे ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस वाईट गेले असं काकीच सांगायची. आप्पांना मीठ जपून घालायची सवय होती, कारण पलटणीत कमी पडलं तर वरून घेता येतं. मसाला एकच, तोच डाळीत, तोच वांग्यात, तोच अंड्यात. वेळेच्या बाबतीत तर जुलूम. जेवायला दोन मिनिटं उशीर झाला की ते काकीला, पलटणीला रांगेत उभं करताना देतात तसा, "फॉलिन हो जाओ" असा हुकूम द्यायचे. काकी म्हणायची, "फॉलिन तुमी व्हा, मी जरा पडते." आणि सगळ्यात मोठी अडचण प्रमाणाची. दोन माणसांचा स्वयंपाक आप्पांना शेवटपर्यंत जमला नाही. हात आवरून आवरून करायचे तरी वरण वीस माणसांचं व्हायचं. मग ते शिल्लक वरण चरव्या भरभरून गल्लीत वाटलं जायचं. गल्लीतल्या बायका दारातूनच पातेली पुढं करायच्या. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा नवरा ऊसतोडीला गेला, कुणाचं नुसतंच अंग मोडून आलं, आप्पांचं वरण यायचंच. लष्कराच्या कॅन्टीनमधून आणलेली बाटली जशी गावातल्या बाप्यांना ठाऊक होती तसं हे वरण बायकांना.

आणि तरी आप्पा स्वयंपाक करतात ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती. म्हणजे सगळ्यांना माहीत होती, पण माहीत नव्हती. हे कसब फक्त गावांना साधतं. माणूस तोंडात आप्पांच्या वरणाचा घास असताना म्हणायचा, "मेजर म्हंजे मानूस न्हाय, वाघ हाय वाघ." वाघ त्या वेळी आत परातीपुढं बसून पीठ मळत असायचा. आप्पांकडं पाव्हणे आले की माझे वडील आधी पुढं जाऊन काकीला हळूच सांगायचे, "बाई, जरा चुलीपाशी बसल्यावानी करा." गावाला माणसं मारणारा मेजर चालत होता. बायकोला भाकरी करून घालणारा मेजर मात्र गावाच्या इज्जतीला परवडत नव्हता.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी आप्पांनी चहाचं आधण ठेवलं आणि दम लागल्यासारखं झालं म्हणून ते पायरीवर जाऊन बसले. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून काकी उठून बाहेर आली. चहा उतू घालवणारा माणूस तो नव्हता, म्हणून वासावरूनच तिला कळलं, असं ती नंतर म्हणाली.

मी जुळे सोलापुरात राहतो आणि तिथल्याच एका शाळेत शिकवतो. फोन आल्याबरोबर मोटारसायकल काढली. सोलापूर ते मोडनिंब हा काही मोठा पल्ला नव्हे, पण मी पोहोचायच्या आत गावच्या चौकात फ्लेक्स उभा होता. आमच्याकडं रुग्णवाहिका यायला उशीर होतो, वीज यायला उशीर होतो, फ्लेक्सला कधी होत नाही. त्यावर लिहिलं होतं 'भारतमातेचे शूर सुपुत्र, मेजर', आणि मागं रणगाडा, लढाऊ विमान, बर्फाचा डोंगर, सिंह आणि खाली गावातल्या एका युवा नेत्याचा हात जोडलेला फोटो. नेत्याचा फोटो आप्पांपेक्षा थोडा मोठा होता. दुःख त्याला जास्त झालं असणार.

आप्पांचा फोटो मी ओळखला. माझ्या बहिणीच्या लग्नातला. त्यात ते कढईपुढं उभे होते, खांद्यावर पंचा, हातात झारा. फ्लेक्सवाल्यानं तेवढं डोकं कापून घेऊन एका कमांडोच्या धडावर बसवलं होतं. कमांडो छातीनं भरलेला, हातात बंदूक, अंगावर काडतुसांचा पट्टा. आणि त्याच्या डाव्या खांद्यावर आप्पांच्या पंचाचं एक टोक तसंच राहून गेलं होतं. आणि हे कमी पडलं म्हणून की काय, त्या डोक्याला त्यानं मिशीही काढून दिली होती, चांगली पिळदार. आप्पांनी जन्मात मिशी ठेवली नाही. स्वयंपाक्यानं ठेवू नये, जेवणात केस निघाला तर संशय आधी त्याच्याच तोंडावर जातो, असं ते म्हणायचे.

अंत्ययात्रा जोरात निघाली. ट्रॅक्टरवर तिरंगा, कर्ण्यावर देशभक्तीपर गाणी, 'अमर रहे'च्या घोषणा. पोरं मोबाइल उंच धरून चालत होती. काकी ट्रॅक्टरच्या मागं चालत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. युवा नेत्यानं स्मशानात भाषण केलं, "बघा, वीरपत्नी बघा! डोळ्यात टिपूस न्हाय! ही आपल्या मातीची बाई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्मशानात टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

दहाव्याला मी काकीजवळ बसलो होतो. घरात भावकी, जेवणावळ, भांड्यांचा आवाज. काकी भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "आरं, मला रडूच येईना झालंय."

मी म्हटलं, "येईल काकी. धक्का बसलाय."

"धक्का न्हवं रं." ती जरा चिडली. "ही समदी ज्याच्या नावानं वरडत्यात त्यो बाप्या कोन हाय त्येच मला कळंना. मेजर म्हनं. वाघ म्हनं. त्यो मिशीवाला मेला तर मी कशापायी रडू? माजं मानूस ह्येंनी कुटं ठिवलं?" मग म्हणाली, "तू मास्तर हायस. तुजं आईकत्यात. ह्या गावानं एकदा तरी, चार मान्सांत, ते हुते तसं म्हनावं. स्वैपाकी हुते, मला करून घालत हुते, आसं. वरीस व्हायच्या आत म्हनावं. मग मी रडून घेते. आसं दाटून ऱ्हाऊन माजा जीव जाईल बग."

मी हो म्हणालो. मास्तर माणसाला हो म्हणायला काय लागतं? पण काकीचा चेहरा बघून मला खरंच वाटलं की हे झालंच पाहिजे. तिच्या छातीत काहीतरी अडकून बसलं होतं आणि ते गावाच्या एका वाक्यानं सुटणार होतं. एका वाक्याला काय पैसे पडतात?

गाव दोन वाक्यं जास्तीची बोलेल, पण पाहिजे ते एक बोलणार नाही, हे मला समितीच्या पहिल्या बैठकीत कळलं. हो, समिती झाली होती. वर्षश्राद्धाला चौकात आप्पांचा अर्धपुतळा बसवायचा असं युवा नेत्यानं जाहीर करून टाकलं होतं. त्यानंतर काही दिवसांतच ग्रामपंचायतीची निवडणूक लागणार होती, हा निव्वळ योगायोग. पुतळ्याखालच्या संगमरवरी पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं, 'लष्करात हवालदार व स्वयंपाकी म्हणून सेवा केली. सैनिकांना आणि नंतर गावाला जेवू घातलं.' मी ते वाचून दाखवलं. कुणीतरी खोकललं.

"सर," युवा नेता अगदी आदरानं म्हणाला, "भावना कळली. पन स्वैपाक्याचा पुतळा कुटं बगितलाय का तुमी?"

मी म्हटलं, "नाही बघितला. म्हणून तर आपला पहिला होईल."

"तरन्या पोरांनी काय प्रेरना घ्यायची? भाकरी थापायची?"

मी म्हटलं, "थापली तर बिघडलं काय?" त्यावर सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. माझं डोकं असं तापलं की तिथून उठून मी पाणी प्यायला गेलो.

पुढच्या बैठकीत 'स्वयंपाकी'च्या जागी 'अन्नपुरवठा विभाग' आलं. मी म्हटलं, ठीक आहे, खोटं तरी नाही. त्याच्या पुढच्या बैठकीत 'रसद विभागात मोलाची कामगिरी' झालं. मग रसद म्हणजे नेमकं काय, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं आणि कुणालाच सांगता येईना, म्हणून 'रणांगणात मोलाची कामगिरी' झालं. डाळ अशी पायरी पायरीनं आघाडीवर निघाली होती. मी भांडलो. शेवटी मला 'सर, तुमी सोलापूरला ऱ्हाता, गावची भावना तुमाला न्हाय कळायची' असं समजावून सांगण्यात आलं, आणि पाटी कोरायला गेली. मेजरचा हुद्दा मात्र तसाच ठेवला. कर्नल करा अशी एक सूचना होती, पण अती नको, असं समितीला वाटलं.

मी हे काकीला सांगितलं. वर्षभरात ती वाळत चालली होती. माझी बायको तिला सोलापूरला घेऊन यायची, आठवडाभर ठेवून घ्यायची. फ्लॅटमध्ये काकी खिडकीशी बसून खालच्या रिक्षा बघायची, विचारलं तर हसायची, पण जेवायची नाही. डॉक्टर झाले. तपासण्या झाल्या. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेतलंय, रडू द्या त्यांना मोकळं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तीच तर पंचाईत होती.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. चौकात मांडव, खुर्च्या, चारी बाजूंना कर्णे. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. प्रमुख पाहुणे सकाळी यायचे होते, ते उन्हं उतरल्यावर आले. तोवर पोरांनी भाषणं केली. एकानं आप्पांनी शत्रूची चौकी एकट्यानं घेतल्याचं सांगितलं. दुसरा त्याच्यावर चढ म्हणून दोन चौक्यांवर गेला. तिसरा बोलायला उभा राहिला तेव्हा पाहुण्यांची गाडी आली, नाहीतर लाहोर काही वाचत नव्हतं.

पाहुण्यांनी दोरी ओढली आणि पडदा खाली आला. पुतळा सोलापूरच्या कारखान्यातून गुंडाळूनच आणला होता, त्यामुळं आम्ही कुणी आधी बघितलेला नव्हता. आता बघितला. मूर्तिकाराला बिचाऱ्याला समितीनं नमुना म्हणून तो फ्लेक्स दिला होता. त्यानं इमानानं त्याबरहुकूम घडवलं होतं. बैलासारखी मान, पुढं आलेली छाती, पिळलेल्या मिशा, कानापर्यंत गेलेल्या. आणि डाव्या खांद्यावर एक गूढ असा त्रिकोणी तुकडा, जो मूर्तिकाराला बहुतेक लष्करी सन्मानचिन्ह वाटला असावा आणि त्यानं तो मोठ्या निगुतीनं कोरला होता. तो पंचा होता. त्या सगळ्या पुतळ्यात आप्पांचं म्हणावं असं तेवढंच होतं.

कर्ण्यावरून घोषणा झाली, "वीरपत्नी पुष्पहार घालतील." काकीच्या हातात झेंडूचा हार दिला. तिला दोघींनी धरून चौथऱ्याजवळ नेलं. ती पुतळ्यासमोर उभी राहिली. वर बघितलं. उभीच राहिली.

"काकी, घाला की," युवा नेता हळूच म्हणाला. माइक त्याच्या हातात सुरू होता, त्यामुळं ते सगळ्या गावाला हळूच ऐकू आलं.

"कुनाला?" काकीनं विचारलं.

"मेजरना."

"परक्या बाप्याच्या गळ्यात मी हार घालू व्हय?"

हेही कर्ण्यातून गेलं. बायकांच्या बाजूनं फिस्कन हसू उठलं. बाप्यांनी माना खाली घातल्या. पाहुणे घड्याळात बघू लागले. नेता गडबडला. पण पुढाऱ्याला गडबडीत एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे माइक दुसऱ्याच्या हातात देणं. "वीरपत्नी भावूक झाल्यात. दोन शब्द बोलतील," असं म्हणून त्यानं माइक काकीच्या हातात दिला आणि स्वतः मागं सरला. दोन शब्दांत बाई 'जय हिंद' म्हणेल असा त्याचा हिशोब असावा.

काकीनं माइक भाकरीच्या पिठाचा गोळा धरावा तसा दोन्ही हातांत धरला. मी पहिल्या रांगेत, कर्ण्याच्या माणसाच्या शेजारी बसलो होतो.

"ह्यो माजा मालक न्हवं," ती म्हणाली. "माज्या मालकाला मिशी नव्हती. त्येंनी कुनाला मारलं न्हाय. ते तितं पोरांना जेवाय करत हुते, आन् हितं आल्यावर मला. रोज सकाळी उटून भाकरी थापायचे. मी मागनं उटायची. मला आयतं मिळायचं. मी त्येंना म्हनायची, मीठ कमी हाय. ते म्हनायचे, वरनं घे. येवडंच हाय. दुसरं काय न्हाय."

ज्यानं दोन चौक्या जिंकून दिल्या होत्या तो पोरगा मोबाइल खाली करून उभा होता. कर्ण्याचा माणूस गाणं लावू की नको अशा नजरेनं नेत्याकडं बघत होता आणि नेता पाहुण्यांकडं. मला वाटलं आता कुणीतरी उठेल आणि 'तेच की' म्हणून ह्याच्यावरही पाणी फिरवेल. मी उठायच्या बेतात होतो. काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला, अगदी मागं, आमच्या गल्लीतली एक म्हातारी उभी राहिली. तिला धड दिसत नाही, ऐकूही कमी येतं, म्हणून ती नेहमी ओरडून बोलते. ती ओरडली, "खरं हाय गं बाई! त्येंच्या वरनावर माजी नातवंडं वाडली. माजी सून बाळातपनात पडून हुती, तवा रोज चरवी यायची. लई चांगलं मानूस. मीठ कमी आसायचं, पर लई चांगलं मानूस."

मग तिच्याजवळची एक म्हणाली, "आमच्याकडं बी यायची चरवी." मग अजून एक. मग बाप्यांच्या बाजूनं, इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या कुणीतरी, बसल्या जागेवरून आणि कुणाकडं न बघता म्हटलं, "व्हय. ते करायचे सैपाक. आमी खाल्लाय."

काकी चौथऱ्याच्या पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. हळू नव्हे, हंबरडा फोडून. "अवो, तुमी गेला वो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. गल्लीतल्या बायका खुर्च्यांतून वाट काढत तिच्याकडं निघाल्या, त्यांच्या मागून ती अधू नजरेची म्हातारी चाचपडत निघाली. माइक काकीच्या हातातच होता. तिचं रडणं चारी कर्ण्यांतून गावभर जात होतं, पार ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत. कर्ण्याच्या माणसानं बटणाकडं हात नेला, तेव्हा मी त्याचा हात धरला, आणि तोही मग तसाच बसून राहिला.